वाचले असे समजावे

मित्रांनो, मी नगरपरिषदेच्या सभागृहातला जुना बाक आहे. सभागृहात आलात तर आधी तुम्हाला अध्यक्षांची उंच खुर्ची दिसेल, मग सदस्यांच्या गादीच्या खुर्च्या, मग कारकुनाचे टेबल, पाण्याचा जग आणि भिंतीवरचे घड्याळ. मी सगळ्यांत शेवटी दिसेन, खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून. पण वयाने मी या सगळ्यांपेक्षा थोरला आहे, आणि या खोलीत आजवर जे जे बोलले गेले ते सारे मी ऐकले आहे. स्वतः बोलायची संधी मला पहिल्यांदाच मिळते आहे. तेव्हा थोडे पाल्हाळ लागले तर सांभाळून घ्या.

धान्याचे एक जुने गोदाम पाडले, त्याच्या तुळया परिषदेच्या आवारात पडून होत्या. त्या तुळयांतून एका सुताराने मला घडवले. तो मितभाषी होता, पण रंधा मारताना शीळ घालायचा. त्याने मला चार पाय दिले, दोन्ही टोकांना हात दिले आणि बसायची फळी इतकी गुळगुळीत केली की कुणाच्या कपड्याचा दोराही अडकू नये. पाठीच्या वेळी मात्र त्याचा आणि पहिल्या अध्यक्षांचा वाद झाला. सुताराला पाठ जराशी कलती हवी होती. अध्यक्षांचे म्हणणे, इथे लोक कारभार ऐकायला येणार, पाठ सरळच ठेवा, नाहीतर दुपारच्या सभेत घोरणे ऐकू यायचे. म्हणून माझी पाठ ताठ आहे. सदस्यांच्या खुर्च्यांना गाद्या मिळाल्या, आणि पुढे घोरणे तिकडूनच ऐकू येऊ लागले.

माझ्यावर सर्वांत आधी बसली ती सुताराची सहा वर्षांची लेक. पॉलिश अजून ओले होते. तिच्या फ्रॉकवर त्या दिवसाची खूण राहिली आणि तिला घरी आईची बोलणी खावी लागली.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी चार वाजता सभा भरे. त्या काळी मी रिकामा म्हणून कधी नसे. सहा जणांची जागा माझ्यावर, पण आठ जण बसत, आणि बाकीचे खिडकीच्या कट्ट्यावर. पोस्टमन टपाल वाटून सरळ इकडे येई. दवाखान्यातली परिचारिका घड्याळाकडे बघत बघत अर्धाच तास बसे. पहिले अध्यक्ष खुर्चीत बसण्याआधी माझ्याकडे एक नजर टाकत आणि विचारत, आले का सगळे? तेव्हा मला फार ऐट वाटे. जणू मीच सगळ्यांना घेऊन आलो होतो.

पहिल्याच वर्षी सभेचे नियम ठरले. एक नियम इतिवृत्ताचा होता. इतिवृत्त म्हणजे मागच्या सभेत काय बोलले आणि काय ठरले याची लेखी नोंद. सभा सुरू झाली की कारकुनाने ती मोठ्याने वाचायची, आणि बरोबर असेल तर सदस्यांनी ती कायम करायची. एकदा कायम झाली की ती दगडावरची रेघ. कुणीतरी सुचवले, कधी घाई असेल तर सर्व सदस्यांच्या संमतीने वाचन गाळावे आणि ‘वाचले असे समजावे’. सगळे माना डोलावणार, एवढ्यात माझ्यावर बसलेल्या इस्त्रीवाल्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, सदस्य मागच्या सभेला होते, त्यांना सगळे ठाऊक आहे. ज्याला मागच्या वेळी येता आले नाही, त्याला कसे कळायचे? पहिल्या अध्यक्षांनी नियमातल्या ‘सर्व सदस्यांच्या’ या शब्दांवर काट मारली, वर ‘सभागृहात उपस्थित सर्वांच्या’ असे लिहिले आणि शेजारी सही केली. दोन शब्दांची खाडाखोड ती. माझ्या लेखी त्या दिवशी तिचे काही विशेष नव्हते.

नंतर हळूहळू माझ्यावरची माणसे कमी झाली. कुणी भांडले नाही, कुणी रुसून गेले नाही. नळाला पाणी येत होते, दिवे लागत होते, मग आपण जाऊन काय करायचे असे ज्याला त्याला वाटू लागले. पोस्टमन निवृत्त झाला, परिचारिका दुसऱ्या गावी गेली. इस्त्रीवाल्या बाई वारल्या, आणि त्या महिन्यात मी पहिल्यांदा पूर्ण रिकामा राहिलो.

रिकामी जागा कुणी रिकामी ठेवत नाही. आधी माझ्यावर छत्र्या आल्या, मग फायलींचे गठ्ठे, मग एक बंद पडलेला पंखा तीन वर्षे येऊन राहिला. एका मांजरीने फायलींवर चार पिल्ले घातली, तेवढीच काय ती माझ्यावरची वर्दळ. समोर सभा चालत. चालत म्हणजे धावत. कारकून उभा राहून ‘मागील सभेचे इतिवृत्त’ एवढे म्हणेपर्यंत एखादा सदस्य पेंगुळल्या आवाजात म्हणे, वाचले असे समजावे, आणि सगळ्यांचे हात वर जात. शिंकेला लागतो तेवढा वेळ त्याला लागे. ऐकणारेच कुणी नव्हते, तर वाचायचे कुणासाठी?

अशी पुष्कळ वर्षे गेली. आणि मग एका मंगळवारी काजवाल्या मावशी आल्या.

शिंप्यांच्या दुकानांतून शिवलेले शर्ट आणायचे आणि घरी बसून हाताने काजे करायची, हा त्यांचा धंदा. त्यामुळे सारे गाव त्यांना काजवाल्या मावशी म्हणे. ठेंगण्या, बोलक्या, बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचे पत्र्याचे अंगुस्तान, हातात पिशवी. त्या आल्या तेव्हा सभा सुरू होऊन पाव तास झाला होता. त्यांनी कुणाला न विचारता माझ्यावरचे गठ्ठे खाली ठेवले, पंखा भिंतीशी उभा केला, पदराने माझी फळी पुसली आणि बसल्या. मित्रांनो, खरे सांगतो, मला अंगावर शहारा आल्यासारखे झाले.

मावशींचे काम असे होते. गावाच्या कडेने कालवा जातो. त्यावर एक लहानसा पायी जायचा पूल आहे. मावशींचे घर अलीकडे आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, घर पलीकडे. ताईंची उजवी बाजू लुळी पडलेली. मावशी रोज दुपारी गरम जेवणाचा डबा घेऊन पूल ओलांडत, ताईंना भरवत, त्यांची वेणी घालत आणि गप्पा मारून परत येत. पुलाच्या दोन फळ्या निखळल्या तेव्हा परिषदेने दोन्ही टोकांना आडवी लाकडे ठोकून पूल बंद केला. त्याला दीड वर्ष झाले होते. आता मावशींना पिठाच्या गिरणीवरून लांबचा वळसा घालून जावे लागे. जायला चाळीस मिनिटे, यायला चाळीस. डबा गार होई आणि गुडघे सुजत. ताईंचा मुलगा दूरच्या शहरात होता. मावशीचे हाल होतात, मी आईला इकडे घेऊन जातो, असे त्याने कळवले होते. त्याचे चुकले असे कोण म्हणेल? पण ताईंना ते शहर माहीत नव्हते, आणि या दोघी बहिणी जन्मापासून एकमेकींपासून हाकेच्या अंतराबाहेर कधी राहिल्या नव्हत्या.

त्या दिवशी कालव्याकडच्या भागातून निवडून आलेल्या सदस्यबाईंनी पुलाचा विषय काढला. अध्यक्षसाहेब साखर पेरून बोलणारे. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे मावशींकडे, वळून सांगितले की पुढच्या महिन्याच्या आत पुलाचे काम सुरू होईल, हा त्यांचा शब्द. मावशींनी बसल्या जागेवरूनच त्यांना तोंडभरून आशीर्वाद दिले आणि घरी गेल्या.

महिना गेला. पुलावरची आडवी लाकडे जागची हलली नाहीत. पुढच्या मंगळवारी मावशी वेळेआधी आल्या, काम सोबत घेऊन. माझ्या दुसऱ्या टोकाला भट्टीवाले काका होते. पहाटेपासून पाव भाजून दमलेला हा भला थोरला माणूस जागा मोकळी झाल्यापासून गारव्याला येऊन बसे आणि माझ्या ताठ पाठीलाही न जुमानता झोपे. मावशींनी शर्टावर खडूने खुणा केल्या, कात्रीने चीर दिली आणि काज करायला घेतले. कारकून उठला, काहीतरी पुटपुटला. सदस्यांतून आवाज आला, वाचले असे समजावे. हात वर गेले.

मावशींनी मान वर करून काकांना कोपराने ढोसले आणि विचारले, “कोण वाचले हो?”

काकांनी डोळे न उघडता खांदे उडवले. मावशींना वाटले, सदस्यांपैकी कुणाच्या तरी गाडीला अपघात झाला असणार आणि थोडक्यात निभावले असणार. “बरं झालं,” त्या मनापासून म्हणाल्या आणि पुन्हा काजात डोके घातले. सबंध सभा त्या पुलाची वाट पाहत बसल्या. सात काजे झाली, शर्ट पुरा झाला, सभा संपली. पुलाचे नावही निघाले नाही.

सगळे गेल्यावर त्या कारकुनाच्या टेबलाशी गेल्या. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीला वर्ष राहिलेला, सुंदर अक्षराचा, मान खाली घालून काम करणारा माणूस.

“भाऊसाहेब, माझ्या पुलाचं काय झालं?”

“तो निकाली निघाला, मावशी.”

“म्हणजे झाला?”

“नाही. म्हणजे आता त्यावर बोलायचं नाही.”

“असं कुणी ठरवलं?”

भाऊसाहेबांनी वही उघडून दाखवली. लिहिले होते की माननीय अध्यक्षांनी काम सुरू करण्याची हमी दिली, सबब विषय निकाली. तोंडाने गोड आश्वासन द्यायचे आणि वहीत ‘निकाली’ लिहवून घ्यायचे, ही अध्यक्षसाहेबांची जुनी पद्धत होती. आणि ही नोंद मघाशीच, वाचले असे समजून, कायम झाली होती.

मावशी माझ्यावर येऊन बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अहो, मला वाटलं कुणीतरी मरता मरता वाचलं,” त्या म्हणाल्या. “माझा पूल बुडत होता, आणि मी इथे बसून बरं झालं म्हणाले.” मग त्यांनी त्या नव्या शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसले. त्यातले सगळे पाणी हसण्याचे नव्हते. माझ्या हातावर त्यांची मूठ होती, ती घट्ट आवळलेली होती.

भाऊसाहेबांनी खालच्या आवाजात सांगितले की सदस्यबाईंनी विषय नव्याने मांडला तर तो पुन्हा येऊ शकेल. पण नोंद पुन्हा तशीच झाली, आणि न वाचता कायम झाली, तर पुन्हा तेच.

दुसरा कुणी असता तर ही फजिती लपवून ठेवली असती. मावशींनी ती दुकानादुकानांतून सांगितली. शर्ट घ्यायला गेल्या की सांगायच्या, काजे देऊन यायच्या तेव्हा सांगायच्या. लोक पोट धरून हसत. आपणही काय काय न वाचता वाचले असे समजून बसलो आहोत, असे नंतर कुणाकुणाला वाटत असावे. पुढच्या मंगळवारी माझ्यावर सहा माणसे होती. किती वर्षांनी माझ्या फळीला असा बाक आला, म्हणजे अशी भारी दुपार मिळाली, काय सांगू. सदस्यबाईंनी पूल पुन्हा मांडला. अध्यक्षसाहेबांनी पुन्हा तोच शब्द दिला, या वेळी छातीवर हात ठेवून. मावशींनी त्या दिवशी पिशवीतून सुई काढलीच नाही.

त्याच आठवड्यात सभागृहाची खिडकी दुरुस्त करायला सुतारबाई आल्या. ओळखले का कोण ते? तीच, ओल्या पॉलिशवर बसलेली लेक. आता पन्नाशी ओलांडलेली, वडिलांचा कारखाना चालवणारी, कानामागे पेन्सिल. मावशींनी भाऊसाहेबांकडून नियमांचे पुस्तक मागून घेतले होते आणि माझ्यावर बसून त्या एकेक अक्षर लावत होत्या. शेवटी सुतारबाईंनी पटाशी खाली ठेवली आणि त्याच वाचू लागल्या. बऱ्याच पानांनंतर ते वाक्य आले. सभागृहात उपस्थित सर्वांच्या संमतीने इतिवृत्त वाचले असे समजावे.

सुतारबाई थांबल्या. मग त्यांनी विचारले, “मावशी, सभेच्या वेळी तुम्ही उपस्थित असता का?”

“चार वाजल्यापासून,” मावशी म्हणाल्या. “पाठ अवघडेपर्यंत.”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. इस्त्रीवाल्या बाईंची मला त्या क्षणी इतकी आठवण झाली की मी आपोआप कुरकुरलो. सुतारबाईंनी खाली वाकून माझ्याकडे पाहिले.

नियमांचे पुस्तक कुणी वाचते आहे, ही बातमी अध्यक्षसाहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. इकडे ताईंच्या मुलाचे कळले, पुढच्या महिन्याच्या अखेरीस तो आईला न्यायला येणार. म्हणजे येता मंगळवार हाच काय तो उरला होता. आणि त्या मंगळवारी सकाळी दोन शिपायांनी मला उचलले आणि सभागृहाबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवले. माझ्यावर एक कागद चिकटवला: नादुरुस्त. बसू नये.

चार वाजता लोक आले. तेवीस जण होते. दारात अध्यक्षसाहेब हात जोडून उभे. त्यांनी मोठ्या दुःखाने सांगितले की बाक मोडकळीला आला आहे, आणि नियमाप्रमाणे बसायची सोय असेल तितक्याच नागरिकांना सभा पाहता येते. सोय नाही, त्याला ते काय करणार? पुढच्या महिन्यात नक्की. मावशींचा चेहरा उतरला. पुढच्या महिन्यात ताई इथे नसणार होत्या.

सुतारबाई पुढे आल्या. माझ्याशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि बोटाच्या पेराने एकेक पाय ठोठावून पाहू लागल्या. आता तुम्हाला एक गुपित सांगतो. अध्यक्षसाहेबांचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. माझ्या मागच्या डाव्या पायाला खरोखरच एक तडा होता, पंख्याच्या दिवसांपासूनचा. सुतारबाईंची बोटे त्या तड्यावर थांबली. त्यांना कळले, आणि त्यांना कळले हे मला कळले.

त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “हा बाक माझ्या वडिलांनी केलाय. बसा सगळ्यांनी. मोडला तर नवा करून देते.”

त्यांनी तो कागद काढून घडी करून खिशात टाकला. मावशी बसल्या. मग शिंपी बसला, गिरणीवाल्या वहिनी बसल्या, शाळेतल्या बाई बसल्या, आणखी दोघे बसले. सहा झाले. सरकून घ्या हो, असे म्हणत सातवा आला. आणि मग भट्टीवाले काका आले. काका टेकले त्या क्षणी माझा डावा पाय कर्र करून बोलला. पण नेमक्या त्याच वेळी सुतारबाईंना असा काही खोकला आला की व्हरांड्यातली कबुतरे उडाली. खोकता खोकता त्यांनी आपला जाडजूड बूट माझ्या पायाशी टेकवून धरला. मित्रांनो, जगलो वाचलो तर याच क्षणासाठी, असे म्हणून मी सगळा जीव त्या पायात गोळा केला. एक मिनिट गेले. दोन गेली. काका तर झोपलेसुद्धा.

“आठ जण बसलेत,” सुतारबाई म्हणाल्या. “झाली सोय.”

अध्यक्षसाहेबांना बाजूला व्हावे लागले. काकांना जागे करून चौघांनी मला उचलले आणि आत माझ्या जागी नेले. आठ जण माझ्यावर बसले, बाकीचे दारात आणि खिडकीशी थांबले. त्यांना हटवायचे कुणाच्या मनातच आले नाही.

भाऊसाहेब उभे राहिले. मागील सभेचे इतिवृत्त, असे ते म्हणाले. वाचले असे समजावे, सवयीने कुणीतरी बोलले. भाऊसाहेबांनी नेहमीसारखे पान उलटले नाही. ते म्हणाले, उपस्थित सर्वांची संमती आहे का? कुणाची हरकत असल्यास हात वर करावा.

अंगुस्तान घातलेला एक हात वर गेला. मग दुसरा, मग माझ्यावरचे आठही, मग दारातले, मग खिडकीतले.

अध्यक्षसाहेब गोड हसून म्हणाले, “मावशी, गैरसमज होतोय तुमचा. उपस्थित म्हणजे सदस्य. नागरिक उपस्थित नसतात, ते नुसते बसलेले असतात.”

काही सदस्य हसले. मावशींनी हात खाली घेतला नाही. नागरिकांना आता सभेत बोलायची मुभा नव्हती. त्या हात वर ठेवण्यापलीकडे काही करू शकत नव्हत्या.

तेव्हा मान खाली घालून काम करणाऱ्या भाऊसाहेबांनी मान वर केली. त्यांनी कपाटातून नियमांची मूळ वही काढली, पिवळ्या पडलेल्या पानाशी उघडली आणि अध्यक्षांसमोर ठेवली. काट मारलेले ‘सर्व सदस्यांच्या’ हे शब्द तिथे होते. वर ‘सभागृहात उपस्थित सर्वांच्या’ होते. शेजारी सही होती. भाऊसाहेबांनी कुणाची परवानगी न घेता इतिवृत्त हातात घेतले आणि आपल्या सुंदर अक्षरातले सगळे, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचायला लागले.

पुलापाशी आले. हमी देण्यात आली, सबब विषय निकाली.

सदस्यबाई ताडकन उठल्या. त्यांनी विचारले, हमी दिल्यावर निकाली कसा? काम झाल्यावर निकाली. एक वयस्कर सदस्य, आजवर गादीवर डुलक्या घेणारे, चष्मा पुसत म्हणाले की आपल्या भागातल्या दिव्यांचेही असेच काही झाले असावे, मागची पाने काढा. मग दुसऱ्याला नळ आठवला, तिसऱ्याला गटार. आपण कशाकशाला हात वर केले होते, ते त्यांनाच पहिल्यांदा कळत होते. अध्यक्षसाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात मला राग कमी आणि ओशाळेपण जास्त दिसले. नोंद दुरुस्त झाली: पूल सुरू होईपर्यंत हा विषय प्रत्येक सभेत पहिला घ्यावा आणि काम कुठवर आले ते मोठ्याने वाचावे. हात वर करायला सांगितले तेव्हा अध्यक्षसाहेबांचाही हात वर गेला.

मावशींनी त्याच संध्याकाळी भाच्याला फोन केला आणि तीन महिने थांबायला सांगितले. तो म्हणाला, कुणाच्या शब्दावर थांबू? मावशी म्हणाल्या, “शब्दावर नको रे. वहीवर थांब.”

तिसऱ्या महिन्यात पूल खुला झाला. तो आनंद मी पाहिला नाही, बाकाला चालता येत नाही. पण पुढच्या मंगळवारी चारला पाच कमी असताना जिन्यात एकच गलबला झाला. चार जण एक चाकांची खुर्ची उचलून वर आणत होते आणि खुर्चीत ताई बसल्या होत्या, घट्ट वेणी घातलेल्या, धाकट्या बहिणीपेक्षाही बोलक्या. भाऊसाहेबांनी त्यांना खिडकीशी जागा करून दिली. सभा सुरू झाली, पुलाचा विषय पहिला आला आणि सदस्यबाईंनी तो निकाली काढावा असे सुचवले. अध्यक्षसाहेबांनी आपणहून विचारले की उपस्थित सर्वांना मान्य आहे ना? ताईंनी आपला चांगला हात वर केला. नियमाला सोडून त्या बोलल्याही, पण कुणी त्यांना अडवले नाही.

“आता निघू द्या निकाली,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः तपासून आलेय. आणि आज डबा इतका गरम होता की जीभ पोळली.”

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. त्याच आठवड्यात सुतारबाईंनी माझा पाय काढून नवा बसवला. काम करताना त्या शीळ घालत होत्या. भाऊसाहेब निवृत्त झाले. अध्यक्षसाहेबही पुढच्या निवडणुकीत पडले. आणि गंमत बघा, आता तेच दर महिन्याला न चुकता येतात आणि माझ्यावर बसतात, भट्टीवाल्या काकांच्या शेजारी. नवे सदस्य घाईत असले आणि कुणाच्या तोंडून चुकून ते तीन शब्द निघाले, तर सगळ्यांत आधी हात वर होतो तो त्यांचा. इकडून सभा फार वेगळी दिसते, असे ते काकांना सांगत असतात. काका झोपलेले असतात.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या फळीवर ओरखडे आहेत, पॉलिश केव्हाच उडाले. काही जण म्हणतात, याला रंग द्या. काही म्हणतात, काचेच्या मागे ठेवा. मला यातले काही नको. पंखा ठेवला, छत्र्या ठेवल्या, मांजर व्याली, ते सगळे मी सोसले. पण मला तडा गेला तो माणसांच्या वजनाने नव्हे, हे लक्षात ठेवा. लाकडाला माणूस बसला की बरे वाटते. तुमच्या गावातही असा एखादा बाक असेल. त्याच्यावर काय ठेवले आहे ते एकदा जाऊन पाहा, ते उचलून खाली ठेवा आणि बसा. मोठ्यांनाही हाताला धरून न्या. वेळ जात नसेल तर हातातले काम बरोबर नेले तरी चालेल. फक्त कान घरी विसरून येऊ नका.